वारा, केस आणि वारस यांची बखर

श्रीशारदा प्रसन्न. काना, मात्रा, वेलांटी आणि उकार या चौघांस प्रथम दंडवत, की जयांचे कृपेने आपले देशी जे बोलावे तेच लिहिले जाते आणि जे लिहिले तेच वाचले जाते. आणि ज्या मुलखी ऐसे होत नाही तेथील पत्र आमचे दारी पुन्हा न येवो. शके सतराशे साठ, विलंबी नाम संवत्सरे, आश्विन मासी या राज्यावर जो प्रसंग गुदरला तो लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, आणि लिहिणाराचेही कोणी पुसू नये. लिहिणारास एके जागी बसवत नाही. दोन ओळी लिहितो आणि उठून खिडकीशी जातो, मग पुन्हा येऊन बसतो तो शाई वाळलेली असते. ऐशा रीतीने लिहिले आहे, तरी वाचणाराने सांभाळून घ्यावे.

राज्य ते केवढे, एक किल्ला, खाली एक पेठ, सभोवार काही गावे आणि शिवेवर एक नदी, परंतु स्वतःचे. महाराज भाद्रपदी ज्वराने कैलासवासी जाहले आणि पोटी पुत्र नाही. एक कन्या मात्र, चंद्राऊ, तेरा वर्षांची, घोड्यावर मांड पक्की, दफ्तर वाचणारी आणि बोलण्यात बापावर गेलेली. तिच्या मातुश्री तुळजाऊसाहेब यांचे मनी एकच गोष्ट, की ही पोर गादीवर बसावी, आपले मागे कोणाचे दारी मान खाली घालून उभी राहू नये. परंतु ते मनचे मनातच. कारण नदीपलीकडे टोपीकरांची छावणी, आणि ज्या राज्यास धनी नाही ते राज्य गिळावे हा त्या लोकांचा उद्योग. म्हणोन बाईसाहेबांस अन्न गोड लागेना, सदरेवरून माडीवर आणि माडीवरून सदरेवर येरझारा चालल्या, आणि त्यांचे मागे आम्ही कारकून मंडळी दौत सांभाळीत धावत होतो.

टोपीकरांची भाषा जाणणारे दरबारी दोन. एक विसाजी दर्यावर्दी, उमर सारी गलबतांवर टोपीकर खलाशांसंगे काढलेली. भाषा समग्र कानात, अक्षर एक ठाऊक नाही. दुसरे गुंडोपंत, यांनी टोपीकर कधी जवळून पाहिला नाही, परंतु लिलावात एक जाडा कोश घेऊन तो मुखोद्गत केला. स्पेलिंग पुसा, झोपेत सांगतील. मात्र शब्द तोंडाने ऐसा काढीत की ऐकणारास वाटावे पंत संध्या करितात. त्यात कोशाची एच अक्षराची काही पाने वाळवीने खाल्लेली, आणि ही गोष्ट पंतांनी कोणास सांगितली नव्हती. उभयतांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. एकाचे कान आणि दुसऱ्याचे डोळे, ऐसे जोडून एक माणूस होईल म्हणोन दरबारने दोघे पदरी ठेविले, आणि येथेच हिशेब फसला.

मग आश्विनाचे अखेरीस छावणीतून एक गोरा स्वार आला आणि त्याने छावणीचा मुख्य जो फिंचसाहेब त्याचे पत्र दिले आणि तोंडानेही तेच बोलून गेला. मजकूर ऐसा, की कार्तिकी पौर्णिमेचे आत तुमचा अमुक आम्हास दाखवावा, न दाखविल्यास राज्य सरकारजमा होईल. बाकी सर्व समजले, परंतु ते अमुक म्हणजे काय, येथे घोडे अडले. विसाजी पुढे सरून बोलिला, "बाईसाहेब, स्वार माझ्या तोंडावर बोलला. एअर. गलबतावर रोज ऐकलेला शब्द हो! एअर म्हणजे वारा. शिडात भरतो तो." पंत पत्र डोळ्यांशी नेऊन म्हणाले, "वारा कसला? येथे एच, ई, आय, आर आहे. पहिलाच एच. एच म्हणजे ह. तेव्हा हेअर. आणि हेअर म्हणजे केस. कोशात मध्ये ए आहे, साहेबाने ई घातली. लष्करी माणूस, स्पेलिंगात कच्चा." विसाजी म्हणाला, "ह लिहिला तर बोलला का नाही मग?" पंत म्हणाले, "बोलला असेल, तुझे कान समुद्राने बसले आहेत." आणि दोघे एकमेकांचे अंगावर जाऊ लागले. बाईसाहेब उभ्याच होत्या. त्या बोलिल्या, "वारा असो की केस असो, राज्य घेणाऱ्यास त्याचे काय करायचे आहे, हे सांगा आधी." मग विसाजी म्हणाला, "या लोकांस हवा खाण्याचा भारी शौक. डोंगर दिसला की बंगला बांधतात. आपल्या गडावरची हवा पाहायची असेल." आणि हे सर्वांस पटले, कारण घाबरलेल्या माणसास काहीही पटते. साहेबास माणूस धाडून पुसावे, ऐसे एकासही सुचले नाही. सुचले असेल तरी कोणी बोलले नाही. कारण पुसणे म्हणजे आपणास येत नाही हे कबूल करणे, आणि दरबारात राज्य गेलेले चालते, हे चालत नाही. मला विचाराल तर मलाही सुचले होते. असो, पुढे चला.

मग तोंडी जबाब गेला, की आमचे येथे एअर मुबलक आहे, खासा येऊन पाहावे. फिंचसाहेब आला, गड चढता चढता घामाघूम जाहला, आणि त्यास थेट पश्चिमेचे बुरुजावर नेले, की जेथे वारा ऐसा वाहतो की उभे राहणे मुश्कील. साहेब इकडे पाहे, तिकडे पाहे, आणि पुसता जाहला, एअर कोठे? विसाजीने दोन्ही हात पसरून आभाळ दाखविले. तो वाऱ्याचा एक झोत ऐसा आला की साहेबाची टोपी उडोन दरीत गेली, आणि टोपीकर टोपीविना उभा राहिला. विसाजी आनंदाने बोलिला, "पाहा साहेब, हेच एअर!" साहेब लाल होऊन ओरडला, "वेअर? वेअर?" त्याचे पुसणे इतकेच की कोठे, कोठे. परंतु पंतांनी मनातल्या मनात अक्षरे जुळविली, डब्ल्यू, ई, ए, आर, आणि म्हणाले, "वेअर म्हणजे परिधान करणे. साहेब वस्त्रे मागतो. बरोबरच आहे, टोपी गेली!" मग धावाधाव होऊन जामदारखान्यातून शेला आणि पागोटे आणविले आणि चौघांनी धरून साहेबाचे डोकीस पागोटे बांधिले. साहेब जो जो वेअर म्हणे तो तो आणखी एक वस्त्र चढे. शेवटी तो काही बोलेनासा जाहला आणि त्या पोशाखातच गड उतरोन गेला. दरबारने मानिले, फत्ते जाहली. बाईसाहेब मात्र बुरुजावर उभ्या राहून त्याची पाठ पाहात होत्या आणि चंद्राऊस म्हणाल्या, "खूश झालेला माणूस असा पाय आपटत जात नाही गं."

आणि तैसेच जाहले. पौर्णिमा जवळ येत चालली तो तोच गोरा स्वार दुसरे पत्र घेऊन आला आणि घोड्यावरूनच बोलिला, "युवर केस इज वीक." साहेबाचा अर्थ, तुमचे प्रकरण दुबळे आहे. परंतु केस हा शब्द सदरेवर प्रत्येकाचे कानी पडला आणि त्याचा अर्थ करावा ऐसे कोणास वाटलेच नाही. केस ते केस, एवढा शब्द तरी साहेबाने मराठी घातला म्हणोन बरेच जण संतोषले. पंत तर उठोन उभे राहिले. "मी म्हटले नव्हते? केसच मागतो!" विसाजीही पडला आवाज करून म्हणाला, "आणि वीक म्हणजे आठवडा. ते पक्के. आठवड्याने पगार मिळे आम्हास." पंतांनी कागद पाहिला. तेथे डब्ल्यू, ई, ए, के. ते म्हणाले, "आठवडा म्हणजे ई, ई पाहिजे. येथे दुसऱ्या ईचे जागी ए घातला. मागचे पत्री ए पाहिजे तेथे ई, या पत्री ई पाहिजे तेथे ए. या साहेबास ए आणि ई यांचा विवेकच नाही!" ऐसे उभयतांचे जन्मात प्रथम एकमत जाहले, की आठवड्याचे आत केस द्यावे. धचा मा कोणी केला नाही, तो आपोआप जाहला.

आता कोणाचे केस? पुरुषांचे घेऊन साहेबास काय करावयाचे. राज्य बाईसाहेबांचे, तेव्हा केस बाईसाहेबांचे, ऐसे सर्वांचे मनी आले आणि सर्वांनी माना खाली घातल्या. हे लिहिताना हात थांबतो. महाराज गेले तेव्हा भटजी मंडळींनी बाईसाहेबांस केशवपन करा म्हणोन बहुत सांगितले होते, आणि त्यांनी साफ नाकारिले होते, की आमचे घराण्यात ही चाल नाही आणि आमचे धन्याससुद्धा ते आवडले नसते. ते केस गुडघ्यापर्यंत पोहोचत, काळे, दाट. महाराज हयात असता सणावारी न्हाऊन माडीवर केस वाळवीत, तेव्हा महाराज सदरेचे काम टाकून जिन्यात उभे राहात, हे आम्ही कारकुनांनी पाहून न पाहिल्यासारखे केले आहे. बाईसाहेब एकसारख्या फिरत राहिल्या. मग थांबून म्हणाल्या, "मोक्षासाठी दिले नाहीत. पोरीसाठी देते. कातर आणा." चंद्राऊ आडव्या आल्या, "आईसाहेब, नका! राज्य जाऊ दे, मला नको!" बाईसाहेब म्हणाल्या, "तुला नको म्हणायला तरी ते असले पाहिजे." आणि भर दुपारी सदरेमागचे ओवरीत आपले हाताने केस कापिले, चांदीचे तबकात ठेविले, वर शेला झाकिला, आणि मेणा न मागविता चंद्राऊस बरोबर घेऊन पायी निघाल्या. आम्ही रडलो, हे लिहिण्यास लाज नाही. पंत आणि विसाजी मागोमाग, एकमेकांकडे न पाहता.

छावणीत फिंचसाहेब तंबूपुढे बसला होता. बाईसाहेबांनी तबक पुढे केले आणि शेला काढिला. साहेब पाहतो तो स्त्रीचे केस. आणि पदराखाली डोके पाहतो तो कातरलेले. तो खुर्चीवरून उठला आणि त्याचे तोंड पांढरे पडले. मग ज्याची कोणास कल्पना नव्हती ते जाहले: साहेब मराठी बोलिला. दोन वर्षे चोरून शिकत होता, परंतु लोक हसतील म्हणोन कोणापुढे तोंड उघडीत नसे. त्याची लाज आमचे लाजेची सख्खी बहीण. त्याचे जिभेस त आणि द वळत नसत, सर्व ट आणि ड. तो म्हणाला, "बाई, हे काय? केस कोणी मागिटले?" पंतांनी दोन्ही पत्रे पुढे केली. साहेबाने पत्र पाहिले, तबक पाहिले, आणि एकदम आत जाऊन एक लहान तसबीर घेऊन आला. तसबिरीत भुऱ्या केसांचा एक मुलगा. तीवर बोट ठेवून म्हणाला, "हा माझा एअर. मी मेलो, टर माझे घर याला. एच बोलट नाही. एच फक्ट बसटो." विसाजी बोलिला, "अरे देवा, वारस!" पंतांनी तोंडात उपरणे कोंबले. वारा आणि वारस, मध्ये एक स. तेवढ्या अक्षराने बाईसाहेबांचे केस गेले. बाईसाहेबांस शोक करण्यास फुरसत नव्हती. त्यांनी चंद्राऊचा दंड धरून तीस पुढे ओढिले. "वारस? वारस पाहिजे? ही काय उभी आहे! पहिल्या दिवसापासून ही माझ्या शेजारी उभी आहे. तुम्ही आभाळ बघत बसलात." साहेब चंद्राऊकडे पाहात राहिला. मग मान हलवून म्हणाला, "मुलगी नाही चालट. कागडाट मुलगा आहे. माझे हाटाट नाही." बाईसाहेब म्हणाल्या, "मग कोणाच्या हातात आहे?" त्यावर साहेबाने वर बोट केले, ते देवाकडे की कलकत्त्यातील कौन्सिलाकडे, हे कळले नाही.

मग पौर्णिमेचा दिवस उजाडला. त्याच दिवशी छावणीस उत्तरेकडे कूच करण्याचा हुकूम आलेला, त्यामुळे साहेब घाईत, घोडे खाली खिंकाळत होते, तंबू मोडत होते. साहेब सदरेवर आला, बरोबर शिपाई, आणि मराठी येते हे एकदा उघड जाहलेच, तर जाहीरनामा आपणच मराठीत लिहून आपणच वाचू ऐसे त्याने मनी घेतले. दुभाष्यांचा त्यास वीट आला होता, यात त्याचा दोष नाही. गादी सरकारजमा जाहली, ऐसे त्यास वाचावयाचे. परंतु द त्याचे जिभेस नाही आणि लेखणीसही नाही. तो मोठ्याने वाचता जाहला, "या राज्याची गाडी आज सरकारजमा जाहली. बाईंनी गाडी आमचे टाब्याट ड्यावी आणि पावटी घ्यावी." चंद्राऊंनी आईचा हात दाबिला. बाईसाहेबांनी विसाजीकडे पाहिले. "विसाजी, काय ऐकलेत?" विसाजी म्हणाला, "गाडी." मग पंतांकडे पाहिले. "पंत, कागदावर काय आहे?" पंतांनी जाहीरनामा हाती घेऊन तीन वेळा वाचिला आणि त्यांचे डोळे मोठे होत गेले. "गाडीच आहे, बाईसाहेब. काना, ड, वेलांटी. सही, शिक्का." बाईसाहेब म्हणाल्या, "मागे तुमचे एकमत झाले तेव्हा माझे केस गेले. या वेळी चुकत नाही ना?" दोघेही म्हणाले, "या वेळी चूक आमची नाही." मग बाईसाहेब कित्येक दिवसांत प्रथम बसल्या, त्या गादीवर नव्हे, तीपुढील पायरीवर, आणि आज्ञा केली, "सरकारचा हुकूम मोडू नये. गाडी द्या."

आणि पागेमागे शेण वाहण्याची एक गाडी होती ती ओढून भर चौकात आणिली. साहेब म्हणाला, "ही गाडी नाही! गाडी! गाडी!" विसाजी हात जोडून म्हणाला, "हीच चांगली आहे साहेब. आस नवा आहे." साहेब म्हणाला, "बसायची गाडी!" विसाजी म्हणाला, "हिच्यात बसतात की, चार माणसे बसतात." साहेबाने कपाळावरचा घाम पुसला आणि गादीकडे बोट करून आपले भाषेत ओरडला, "चेअर! चेअर!" म्हणजे आसन. विसाजीस गलबत आठवले. शीड चढले की खलाशी चिअर म्हणोन आरोळी देत. तो लोकांकडे वळून म्हणाला, "अहो, साहेब जयजयकार करा म्हणतो!" आणि चौकात जमलेली सारी पेठ एका आवाजाने तुळजाऊसाहेबांचा जयजयकार करू लागली, शिंगे वाजली, आणि साहेबाचा आवाज त्यात बुडोन गेला. खाली पलटणीचा कर्णा झाला, की कूच. मग बाईसाहेबांनी खुणेने सर्वांस शांत केले आणि म्हणाल्या, "पंत, साहेबाच्या भाषेत पावती लिहा." पंत लिहू लागले आणि मध्येच थबकले. हळूच बोलिले, "बाईसाहेब, यांचे लिपीत द आणि ड एकच. जी, ए, डी, आय. गादी वाचा की गाडी वाचा." बाईसाहेब म्हणाल्या, "तर मग तसेच लिहा." पावती साहेबापुढे आली. त्याने ती चार अक्षरे पाहिली आणि लेखणी हाती धरून थांबला. वर कळविले की आपण गादी मागण्यास गेलो आणि आपलेच मराठीमुळे शेणाची गाडी मिळाली, तर पलटणीत जन्मभर हसे होईल. आणि हा कागद गेला तर वर कोणास काहीच कळणार नाही. ऐसा त्याने विचार केला असेल. की पदराखालचे डोके पाहून त्यास लाज वाटली असेल, कारण त्याने तिकडे पुन्हा एकदा पाहिले हे मी पाहिले. मग झटक्याने सही केली, बाईसाहेबांस टोपी काढून लवला, आणि गेला. मागोमाग शिपायांनी ओढीत गाडी नेली. बैल मात्र ठेवून घेतले. जाहीरनाम्यात बैलांचा उल्लेख नव्हता.

एवंच, टोपीकरांचे दफ्तरी हे राज्य त्या दिवशी बुडाले, गादी जमा जाहली, कागद बांधून फडताळात गेला. आणि जी गादी नाहीच, तीवर पुरुष बसला की स्त्री बसली हे पुसावयास कोण येणार? मार्गशीर्षात चंद्राऊ पुढे आल्या, तो पायरीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आईसाहेब, परवानगी कोणाची घ्यायची?" बाईसाहेबांनी डोकीवरचा पदर मागे सारिला, सर्व दरबारापुढे, आणि म्हणाल्या, "बस बाळ. आपण आता कोठेच नाही. कोठेच नसलेल्यांस परवानगी लागत नाही." आणि चंद्राऊसाहेब गादीवर बसल्या, तो अंमल आजतागायत सुरळीत आहे. हे वर्तमान ज्यास कळेल त्याने टोपीकरांचे भाषेत लिहू नये. आणि लिहिणेच प्राप्त जाहले, तर स्पेलिंग चुकवून लिहावे.